सोन्याचा तांबडा रंग

ठाण्याच्या नौपाड्यात लग्नसराईच्या दिवसांत एखादा गृहस्थ सायंकाळी गोखले रस्त्याने किंवा राम मारुती रस्त्याने चालत गेला, तर सराफांच्या पेढ्यांतील दिव्यांच्या झोतात एकच रंग त्याला पुन्हा पुन्हा दिसेल. तो रंग सोन्याचा. पिवळा म्हणजे कसा, हे लहान मुलास समजावून द्यावयाचे झाले, तर हळदीनंतर आपण सोन्याकडेच बोट दाखवितो. सोनाराने कसोटीच्या दगडावर दागिना घासला, की उमटलेल्या रेघेच्या रंगावरून त्याचा कस ठरतो. आणि ज्याच्या रंगात तिळमात्र उणीव नाही ते बावनकशी, अशी आपल्या भाषेचीही समजूत आहे. रंग ही सोन्याची जात. रंग फिरला तर सोनेच फिरले. हा विश्वास शेकडो वर्षांचा आहे, आणि सोनाराच्या पेढीपुरता तो खराही आहे.

परंतु तेच शंभर नंबरी सोने, त्यात दुसरा कोणताही धातू न मिसळता, पुरेसे बारीक केले म्हणजे ते पिवळे राहत नाही. ते माणकासारखे तांबडे होते. आणि एक अगदी साधा फेरफार केला, तर तांबड्याचे निळे होते. हा काही गारुड्याचा खेळ नव्हे. मनुष्याच्या हातांनी ही गोष्ट निदान सोळाशे वर्षांपूर्वी साधली होती. ती कशी करावी हे त्या हातांना ठाऊक होते. ती का घडते हे मात्र विसावे शतक उजाडेपर्यंत कोणासही सांगता आले नाही. ‘कसे’ आणि ‘का’ यांच्यामधील हे सोळा शतकांचे अंतर कसे तुटले, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासाचे एक अलीकडील पान पुण्यात लिहिले गेले असून, ते ज्या वनस्पतीच्या साह्याने लिहिले गेले, ती नौपाड्यातील कितीतरी घरांच्या गच्चीत कुंडीमध्ये वाढत असते.

प्रथम ‘पुरेसे बारीक’ म्हणजे किती, याचा अंदाज केला पाहिजे. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. मनुष्याच्या केसाची जाडी अशा सुमारे ८० हजार भागांची भरते. सोन्याचा कण साधारणपणे १० ते ५० नॅनोमीटरांचा झाला, म्हणजे त्याचा तांबडा रंग प्रकट होतो. सहाणेवर कितीही उगाळले, खलात कितीही घोटले, तरी हाताने सहज गाठता यावी अशी ही बारीक अवस्था नव्हे. एक ग्रॅम सोन्याची एकच गोळी केली, तर ती वाटाण्याहूनही लहान होते आणि तिचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच एक ग्रॅमाचे २० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे चाळीतील एका बऱ्यापैकी खोलीच्या जमिनीएवढा होतो. एवढी उलथापालथ झालेल्या पदार्थाने आपली जुनी ओळख विसरावी, यात फारसे नवल नाही.

या अवस्थेचा एक जुना साक्षीदार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हा रोमन कारागिरांनी ख्रिस्ती शकाच्या चौथ्या शतकात घडविलेला काचेचा पेला होय. द्राक्षवेलींनी जखडलेला लायकरगस राजा त्यावर कोरलेला असल्यामुळे त्यास लायकरगस चषक म्हणतात. म्युझियमने तो १९५८ साली विकत घेतला. पुढून प्रकाश पडला असता हा पेला शेवाळासारखा हिरवा दिसतो. पेल्याच्या आत दिवा ठेवला, की तोच द्राक्षासवासारखा लाल होतो. पुढे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे आढळले, की या काचेत सोने आणि रुपे यांच्या मिश्रणाचे सुमारे ७० नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले आहेत. सोन्याचे प्रमाण दहा लाख भागांत अवघे ४० भाग, म्हणजे एक किलो काचेत ४० मिलिग्रॅम. एवढ्या चिमटीभरही नसलेल्या सोन्याने साऱ्या पेल्यास दोन रंग दिले. ज्या कारागिराने तो घडविला त्यास या कणांची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याला फार तर एवढे ठाऊक असेल, की भट्टीत अमुक टाकले आणि अमुक वेळ तापविले, म्हणजे काच अशी होते. तो गेला, त्याची भट्टी विझली, आणि ती विद्याही तिच्याबरोबरच विझली.

आपल्या देशात या विषयाचा दुसराच धागा वैद्यांच्या हातात होता. धातूंची भस्मे करणाऱ्या रसशास्त्रज्ञांनी भस्म सिद्ध झाले की नाही हे ओळखण्याच्या ज्या परीक्षा सांगितल्या आहेत, त्या पाहण्यासारख्या आहेत. भस्म बोटांच्या रेषांत भरून बसावे, ही रेखापूर्णाची परीक्षा. ते पाण्यावर तरंगावे, ही वारितराची. आणि उन्हात धरले असता त्यात धातूची चकाकी मुळीच दिसू नये, ही निश्चंद्राची. या तीनही परीक्षा कण किती बारीक झाले आहेत याच्या परीक्षा आहेत, आणि तिसरी तर निव्वळ प्रकाशाची आहे. धातू अतिसूक्ष्म झाला की त्याचे तेज लोपते, एवढे निरीक्षण त्या वैद्यांनी नेमके केले होते. सुवर्णभस्म तपकिरी-तांबूस असते, पिवळे नसते. आणि आजच्या सूक्ष्मदर्शकांखाली पाहिलेल्या सुवर्णभस्मात नॅनोमीटरांनी मोजावेत असे सोन्याचे कण दिसून आलेले आहेत. मात्र येथे एक विवेक राखला पाहिजे. कण सूक्ष्म आहेत हे सिद्ध झाल्याने त्यांचा औषधी गुण सिद्ध होत नाही. तो प्रश्न रोग्यांवरील शिस्तशीर परीक्षणांनीच सुटावयाचा असतो. रंगाने जे सांगितले तेवढेच त्याच्याकडून ऐकावे, अधिक त्याच्या तोंडी घालू नये.

युरोपात ही विसरलेली लाल काच सतराव्या शतकात पुन्हा अवतरली. सोने अम्लराजात विरघळवून त्यात कथिलाचे क्षार मिसळले असता जांभळा साका बसतो. त्याचे वर्णन आंद्रेआस कॅसियस याने १६८५ साली प्रसिद्ध केले, आणि तो साका त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच सुमारास ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरच्या आश्रयास असलेल्या योहान कुंकेल या रसायनज्ञाने पॉट्सडॅमजवळच्या एका बेटावर भट्टी घालून माणकासारख्या लाल काचेची मोठमोठी भांडी घडविली. या काचेची एक गंमत अशी, की सोने घातलेला रस भट्टीतून बाहेर पडतो तेव्हा बहुधा रंगहीन किंवा फिकटच असतो. ती काच निवल्यावर पुन्हा बेताने तापविली, म्हणजे तिच्यावर हळूहळू लाली चढते. याचे कारण आज सांगता येते: पहिल्या वेळी सोन्याचे अणू एकेकटे विखुरलेले असतात, दुसऱ्या तापविण्यात ते सरकून एकत्र येतात आणि त्यांचे कण बनतात. कुंकेलला हे कारण ठाऊक नव्हते. पण किती तापवावे आणि कोठे थांबावे हे त्याच्या डोळ्याला कळत होते. आपली खुबी त्याने हयातीत उघड केली नाही. १६८९ साली त्या बेटावरील काचगृह आगीत भस्मसात झाले. पुढे अशी काच इतरत्र होत राहिली खरी, परंतु दीडशेहून अधिक वर्षे तिची विद्या भट्टीच्या आडोशालाच राहिली. गुरूने शिष्याच्या कानात सांगावी, आणि दोघांनाही तिचे मर्म कळू नये, अशी तिची स्थिती होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन पोहोचली, हे ठाणेकरांस सांगावयास नकोच. आगगाडीबरोबर तांबडा दिवा आला, आणि तांबड्या दिव्यास तांबडी काच लागते. त्या काळी लाल काच करण्याचे मुख्य मार्ग दोनच होते: एक तांब्याचा, दुसरा सोन्याचा. सोन्याचा महाग, तांब्याचा स्वस्त. पण दोहोंतही लाली येते ती काचेत अडकलेल्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांमुळेच. आगगाडी ठाण्यास आली त्या वर्षीदेखील या लालीचे कारण जगात कोणालाही सांगता आले नसते. ते शोधण्याचा पहिला पद्धतशीर यत्न त्यानंतर तीनच वर्षांनी लंडनमध्ये सुरू झाला, आणि तो करणारा पुरुष होता मायकेल फॅरेडे.

फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण बेताचेच. बुकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असता बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शिकला. विजेवरील त्याचे जगद्विख्यात शोध तोपर्यंत लागून गेले होते. वय चौसष्टीचे होते, आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. अशा वेळी त्याने सोन्याचा वर्ख हाती घेतला. प्रकाशाच्या लहरींहून वर्खाची जाडी कितीतरी कमी असते. तेव्हा इतक्या पातळ धातूवर प्रकाश काय करतो ते पाहावे, हा त्याचा हेतू. वर्ख उजेडासमोर धरला, तर आरपार येणारा प्रकाश हिरवट दिसतो; परावर्तित प्रकाश मात्र पिवळा असतो. हे पाहिल्यावर त्याने याहूनही सूक्ष्म सोने करण्याचे ठरविले. सोन्याच्या क्षाराचे अतिशय विरल द्रावण घेऊन, कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळविलेला फॉस्फरस त्याने त्यात सोडला. द्रावण हळूहळू माणकासारखे तांबडे झाले.

ते डोळ्यांस अगदी स्वच्छ दिसे, गाळले तरी काही उरत नसे. मग हे खरोखर द्रावण आहे, की त्यात धातूचे कण आहेत? फॅरेडेने भिंगाने एकवटलेला प्रकाशाचा झोत त्यातून सोडला. तेव्हा झोताचा मार्ग द्रवामध्ये शंकूसारखा उजळून निघाला. बंद खोलीत कवडसा पडला असता त्यातील धूळ उजळावी, तसाच हा प्रकार. यावरून त्याने ओळखले, की या तांबड्या पाण्यात सोने विरघळलेले नाही, तरंगत आहे. पुढे त्याने त्यात चिमूटभर मीठ टाकले. तांबडा रंग गेला आणि द्रव निळा झाला. सोने तेच, पाणी तेच, कोणताही नवा रंग घातलेला नाही. फॅरेडेने निष्कर्ष काढला, की केवळ कणांच्या आकारमानातील फरकाने रंगांची ही विविधता उत्पन्न होते. द्रवात आधीच थोडे सरस घातले, तर मीठ टाकूनही तांबडा रंग टिकतो, हेही त्याला आढळले. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात त्याने हे सर्व मांडले आणि ते छापून प्रसिद्ध केले. कुंकेल आणि फॅरेडे यांत खरा फरक येथे आहे. फॅरेडेलाही मर्म पुरते कळले नव्हते, आणि तसे त्याने प्रांजळपणे दाखविले. पण जे केले ते इतके उघड करून ठेवले, की पुढच्या कोणासही तेथूनच पाऊल उचलता यावे. त्याने तयार केलेल्या द्रवाच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतील तांबडा रंग अद्याप उडालेला नाही.

हे कण प्रत्यक्ष पाहण्याचे श्रेय रिचर्ड झिगमोंडी या ऑस्ट्रियन रसायनज्ञाचे. येना येथील शॉट यांच्या काचकारखान्यात तो काही वर्षे नोकरीस होता, आणि लाल काचेचे कोडे त्याला तेथेच पडले. साध्या सूक्ष्मदर्शकातून हे कण दिसत नाहीत, कारण ते प्रकाशलहरीच्या लांबीहून लहान आहेत. १९०३ च्या सुमारास झाइस कंपनीतील हेन्री सीडेनटोफ याच्या सहकार्याने त्याने एक युक्ती योजिली: प्रकाश खालून न सोडता बाजूने सोडावयाचा. म्हणजे पुन्हा कवडसाच. काळोख्या पार्श्वभूमीवर प्रत्येक कण चांदणीसारखा लुकलुकू लागला. कणाचा आकार कळला नाही, तरी तो आहे हे कळले, आणि मोजताही आले. झिगमोंडीस पुढे १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या काचेचे रहस्य आडोशाला ठेवण्यात कारागिरांनी धन्यता मानली होती, तिच्यामधून अशा रीतीने एक नवे शास्त्र जन्मास आले.

आता उरला शेवटचा प्रश्न: कण बारीक झाले, तर रंग तांबडाच का? त्याचे उत्तर १९०८ साली जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाचे प्राध्यापक गुस्टाव मी यांनी गणिताने दिले. ते गणित कठीण आहे. पण त्याचे सार माजघरातील झोपाळ्यावरून समजण्यासारखे आहे. झोपाळ्याला स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्याबरोबर हलकासा रेटा दिला, तर झोपाळा चढत जातो. भलत्याच वेळी कितीही जोर लावला, तरी तो वाया जातो. धातूमध्ये इलेक्ट्रॉनांचा मोकळा समूह असतो. लहानशा कणात हा समूह कोंडलेला असतो. त्याला एका बाजूस ओढले, तर तो परत फिरतो, पलीकडे जातो, पुन्हा येतो. म्हणजे त्यालाही स्वतःचा ठेका आहे. प्रकाशलहर ही विद्युत्शक्तीची लहर असल्याने ती या समूहास आळीपाळीने दोन्हीकडे ओढते. पाण्यातील सोन्याच्या बारीक गोल कणाचा ठेका सेकंदास सुमारे ५८० लाख कोटी आंदोलनांचा पडतो, आणि नेमका तोच ठेका सुमारे ५२० नॅनोमीटर लहरलांबीच्या हिरव्या प्रकाशाचा आहे. म्हणून कण हिरवा प्रकाश अधाशासारखा गिळतो. निळा प्रकाश तर सोने एरवीही बराचसा शोषून घेते. गिळला न जाता आरपार येतो तो मुख्यतः तांबडा. रुप्याच्या कणाचा ठेका जांभळ्या प्रकाशाजवळ आहे. त्यामुळे रुप्याचे पाणी पिवळे दिसते. पिवळे सोने तांबडे होते आणि पांढरे रुपे पिवळे होते, या कोड्याचा उलगडा एवढाच आहे.

फॅरेडेच्या मिठाचाही यात निकाल लागतो. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर विजेचा सारखाच भार असल्याने ते एकमेकांस दूर ठेवतात. मीठ पडले, की त्या भाराचा प्रभाव झाकला जातो आणि कण एकमेकांस बिलगतात. बिलगलेल्या कणांचा ठेका संथ होतो. मग ते हिरव्याऐवजी नारिंगी-तांबडा प्रकाश गिळतात, आणि उरतो तो निळा. कण लांबट किंवा चपटा असला, तरीही ठेका असाच संथ होतो. गोलापेक्षा निराळ्या आकारांचे हे गणित रिचर्ड गान्स याने १९१२ साली मांडले. म्हणजे सोन्याचा रंग सोन्याच्या जातीवरच अवलंबून नाही; कणाचे माप, त्याची आकृती आणि त्याचा शेजार यांवरही तो अवलंबून आहे.

ज्या १९०८ साली हे गणित प्रसिद्ध झाले, त्याच साली महाराष्ट्रातही काचेच्या विद्येवर एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. तो भौतिकशास्त्राचा नसून समाजाचा होता, तरी त्याचा या कथेशी जवळचा संबंध आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून देशी धंद्यांस भांडवल उभारावे, या कल्पनेने पैसा फंड काढला; लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला; आणि त्या पैशांतून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिका येथे काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे चालक झाले. या कारखान्याचा विशेष असा, की तो केवळ माल काढण्यासाठी नव्हता. तो विद्यार्थ्यांस काच शिकविण्यासाठीही होता. भट्टीचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कानात सांगितले जात होते, ते येथे वर्गात सांगितले जाऊ लागले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. विद्या कोंडून ठेवली तर ती एका आगीत जाते, आणि वाटून दिली तर तिच्या अनेक भट्ट्या पेटतात, हे कुंकेलच्या बेटावरून जितके कळते, तितकेच तळेगावावरूनही कळते.

असे असले, तरी ‘कसे’ शिकविणारी शाळा आणि ‘का’ शोधणारी शाळा या दोन्ही असाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारची एक मोठी संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुण्यास ३ जानेवारी १९५० रोजी उघडली गेली. तिच्या उद्घाटनानंतर अर्धशतकाने तेथील मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी सोन्याच्या कणांचे जुने कोडे नव्या बाजूने हाती घेतले. फॅरेडेने वापरलेला फॉस्फरस पेट घेणारा, आणि कार्बन डायसल्फाइड विषारी. त्यांच्या जागी वनस्पतींचा रस वापरता येईल काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी गवती चहाची पाने चिरून पाण्यात उकळली, पाणी गाळून घेतले, आणि ते सोन्याच्या क्षाराच्या विरल द्रावणात मिसळले. भट्टी नाही, तीव्र रसायन नाही. द्रावण तसेच ठेवून दिले, आणि क्षारातून सोने मोकळे होऊन त्याचे कण बनू लागले. विशेष हे, की त्यांतील पुष्कळ कण गोल नव्हते. ते सपाट त्रिकोण होते. जाडी फार तर १०-२० नॅनोमीटर, आणि बाजू तिच्या कितीतरी पटींनी लांब. हे संशोधन २००४ साली ‘नेचर मटीरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांमध्ये शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग आणि अबसार अहमद यांचीही नावे आहेत. २००५ साली याच प्रयोगशाळेतून चिंचेच्या पाल्याने केलेल्या त्रिकोणांचे आणि आवळ्याच्या रसाने केलेल्या सोन्यारुप्याच्या कणांचेही वृत्त प्रसिद्ध झाले.

गवती चहा, चिंच आणि आवळा! सर्दीचा काढा, आमटी आणि मोरावळा यांपलीकडे ज्यांचा विचार आपल्या स्वयंपाकघराने केला नाही, त्या या तीन वस्तू. त्यांच्या रसांत असे पदार्थ आहेत की जे क्षारातील सोने मोकळे करतात, आणि असेही आहेत की जे तयार कणाभोवती बसून त्यास दुसऱ्याशी बिलगू देत नाहीत. फॅरेडेच्या सरसाचे काम येथे पानच करते. सपाट त्रिकोणांचा ठेका अर्थातच संथ असतो. इतका, की ते डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश, म्हणजे एका परीने उष्णताच, शोषून घेतात. असा लेप काचेवर दिला, तर उजेड आत यावा आणि ऊन मात्र अडावे, अशा खिडक्या करता येतील, ही एक शक्यता संशोधकांनी दाखविली. वैशाखात पश्चिमेकडील खोलीत दुपार काढणाऱ्या ठाणेकरास तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको. शक्यता आणि दुकानातील माल यांत मात्र पुष्कळ अंतर असते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

परंतु तांबड्या सोन्याचा एक उपयोग असा आहे, की तो पुष्कळ घरांत येऊन गेला आहे, आणि तेथे त्याला कोणी सोने म्हणून ओळखले नाही. गर्भधारणेची परीक्षा घरच्या घरी करण्याची जी कागदी पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, तिच्यावर उमटणारी गुलाबी रेघ अनेकदा सोन्याच्या कणांची असते. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत नाकातील स्राव तपासण्याच्या पट्ट्या निघाल्या, त्यांतील पुष्कळ याच जातीच्या. सोन्याच्या प्रत्येक कणावर विशिष्ट पदार्थ ओळखून धरणारी प्रथिने चिकटविलेली असतात. थेंब कागदातून पुढे झिरपत जातो. शोधावयाचा पदार्थ त्यात असेल, तर कण रेघेवर अडकून राहतात, नसेल तर पुढे निघून जातात. एकटा कण कोणाला दिसला नसता. असंख्य कण एका ओळीत थबकले म्हणजे तांबूस रेघ दिसते. त्या दोन वर्षांत दाराआड बसून, घड्याळाकडे पाहत, ती दुसरी रेघ उमटते की काय याची ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या जिवाची चिंता त्या एका रेघेवर टांगलेली होती. तिचा रंग तोच होता, जो रोमन पेल्यात, कुंकेलच्या भांड्यांत आणि फॅरेडेच्या कुपीत होता.

या साऱ्या कथेत सोने कोठेही बदलले नाही. बदलले ते मनुष्याचे त्याच्याशी वागणे. रोमन कारागिराचा हात कुशल होता. पण त्याच्या कौशल्यास कारणाचा आधार नव्हता, म्हणून ते त्याच्यामागे टिकले नाही. कुंकेलने आपले ज्ञान लपविले. फॅरेडेने आपले अज्ञानदेखील लपविले नाही, आणि त्यामुळेच त्याच्या प्रयोगापासून झिगमोंडीच्या कवडशापर्यंत, तेथून गुस्टाव मी यांच्या गणितापर्यंत, आणि शेवटी पुण्यातील गवती चहाच्या काढ्यापर्यंत वाट अखंड राहिली. आपल्या देशात हातांच्या कौशल्याची वाण कधीच नव्हती. धातूची चकाकी केव्हा लोपते हे आपल्या वैद्यांनी नीट पाहिले होते; ती का लोपते, हा प्रश्न मात्र उघड्यावर मांडून पिढ्यान्‌पिढ्या चालविला गेला नाही, आणि त्याची किंमत आपण मोजली.

नौपाड्यातील सोनार उद्याही दागिना कसोटीवर घाशील आणि पिवळ्या रेघेवरून कस सांगेल; त्यात त्याचे काही चुकणार नाही. त्याच आळीत एखाद्या घरी, औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर सोन्याचीच एक तांबूस रेघ उमटेल. दोन्ही रेघा खऱ्या आहेत. पहिलीचा अर्थ सोनारास बापाकडून कळला. दुसरीचा अर्थ, ज्यांनी आपले काम छापून सर्वांपुढे ठेवले, अशा अनेक देशांतील माणसांमुळे आपणा सर्वांस कळला.